गायरीत काच नको

गेल्या वर्षी मृगाच्या आधी आमच्या धर्मग्रामाच्या आवारात तयार झालेले खत आम्ही वाटले. वर्षभर जमवलेला आंब्या-फणसाचा पाला, मंदिरातली सुकलेली फुले, स्वयंपाकघरातील भाजीची देठे आणि शेजारच्या गोठ्यातील शेण, असा सगळा ऐवज त्यात होता. खत काळे, भुसभुशीत आणि पहिल्या पावसाच्या मातीसारख्या वासाचे झाले होते. पाच-सहा घरांनी टोपल्या भरभरून नेले. मला मनातून मोठा अभिमान वाटला. रविवारच्या मिस्सानंतरच्या सूचनांत मी त्याचा दोनदा उल्लेखही केला.

तिसऱ्या आठवड्यात मिरचीची रोपे लावणारी एक बाई माझ्या दाराशी आली. नवरा नाही, वीस गुंठे जमीन, दोन मुले शाळेत. उजव्या हाताला फडके बांधलेले होते. डाव्या हातातली कागदाची पुडी तिने माझ्या टेबलावर उघडली. आत काचेचा जाड तुकडा होता. "फादर, खत लई चांगलं हाय तुमचं. पण त्यात ह्ये हाय बघा," एवढेच ती बोलली.

तो तुकडा मेणबत्ती ठेवायच्या काचेच्या पेल्याचा होता. नोव्हेंबरात मृतांच्या स्मरणदिनानंतर कबरस्थानातील हार आणि फुले मीच गोळा करायला लावली होती आणि "सगळे खड्ड्यात टाका" असे मीच सांगितले होते. हारांबरोबर फुटलेला पेला आत गेला, पाल्याखाली झाकला गेला आणि आठ महिन्यांनी त्या बाईच्या तळहातात शिरला. तिला आरोग्य केंद्रात नेले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, तीन टाके पडले. ऐन लावणीत तिचे बारा दिवस गेले. तिच्यासारखीला बारा दिवसांचा रोज म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना मी सांगायला नको.

ती भांडली असती तर मला बरे वाटले असते. ती भांडली नाही. त्या दिवसापासून कचरा आणि खत ह्या विषयाकडे मी जरा निराळ्या नजरेने पाहू लागलो आहे. त्यातून जे मत बनले ते ह्या पानावर मांडतो.

हात तेच, कचरा बदलला

आमच्या ह्या सीमाभागात उकिरड्याला गायरी म्हणतात. माझ्या आजोळी घराच्या मागे अशी एक मोठी गायरी होती. आजी सकाळी झाडलोट करून सगळा केर पाटीत भरायची आणि पाटी तिथे उपडी करायची. तिने कधी काही निवडले नाही, कारण निवडण्यासारखे काही नव्हतेच. शेण, गोठ्यातला गदाळा, चुलीची राख, भाताचे तूस, केळीची साले, फाटक्या सुती लुगड्याची चिंधी, मोडका केरसुणीचा बुडखा, फुटके मडके. मडके सोडले तर सगळे कुजणारे. आणि मडके तरी शेवटी मातीच. वैशाखात बैलगाड्या भरून ती गायरी शेतावर जायची.

आज आपल्या पाटीत काय असते? दुधाची पिशवी, शांपूची पुडी, गुटख्याची पुडी, औषधाच्या गोळ्यांचे पान, घड्याळाचा सेल, बाळाचा डायपर, चांदीचा कागद लावलेली पत्रावळ, कीटकनाशकाची रिकामी बाटली. आणि पाटी मात्र आपण आजीसारखीच उपडी करतो. सवय शंभर वर्षांपूर्वीची आणि कचरा आजचा, ही खरी अडचण आहे. लोक आळशी झाले, असे म्हणणे सोपे आहे. पण ते मला पुरते खरे वाटत नाही. आपल्या आईवडिलांनी निवडायला शिकवले नाही, कारण त्यांना त्याची गरजच पडली नव्हती. ती आता आपल्याला पडली आहे.

इंदूरची गोष्ट

कंपोस्ट खताचा विषय निघाला की जगभर एका गावाचे नाव घेतात, आणि ते गाव आपल्या मराठी माणसांना परके नाही. ते म्हणजे होळकरांचे इंदूर. तिथे १९२४ साली वनस्पती-उद्योगाची एक संशोधन संस्था सुरू झाली. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड हे १९०५ साली बिहारातील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आलेले इंग्रज गृहस्थ. त्यांचे इंदूरचे सहकारी यशवंत वाड. ह्या दोघांनी मिळून १९३१ साली शेतीतील टाकाऊ पदार्थांवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले, आणि त्यातील रीत 'इंदूर पद्धत' म्हणून प्रसिद्ध झाली. पुढे परदेशांतल्या चहा-कॉफीच्या मळ्यांपर्यंत ती पोहोचली.

ह्या पद्धतीत नवल वाटण्यासारखे यंत्र किंवा औषध काही नाही. हॉवर्ड साहेबांनी हिंदुस्थानातल्या शेतकऱ्यांकडे पाहिले, चीनमधल्या जुन्या चालीचा अभ्यास केला आणि त्याला शिस्त लावली. त्या शिस्तीचा पहिला भाग कोणता, तर प्रत्येक जातीचा कचरा वेगळा ओळखणे. कपाशीच्या आणि तुरीच्या कठीण काड्या थेट खड्ड्यात जात नसत; त्या आधी शेतावरच्या गाडीवाटेवर पसरत आणि चाकांखाली चेचून मऊ झाल्या की मग घेत. पालापाचोळा जनावरांखाली अंथरत, म्हणजे तो मूत्र शोषून घेई. गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती निराळी जमवत, राख निराळी ठेवत. मग हे सगळे ठरावीक प्रमाणात थरांनी रचत, पाण्याने ओले करत आणि तीनदा उलथत: साधारण पंधरवड्याने, महिन्याने आणि दोन महिन्यांनी. तीन महिन्यांत खत तयार होई. आधी वेगळे आणि मग एकत्र, असा तो क्रम होता.

त्यानंतर आणखी पद्धती आल्या. १९३९ च्या सुमारास बंगळूरला डॉ. आचार्य यांनी शहरातील केर आणि मैला थरांनी भरून वरून मातीने लिंपून टाकण्याची रीत बसवली. तिच्यात उलथापालथ नाही, पण वेळ अधिक लागतो. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, ज्यांना लोक 'नाडेपकाका' म्हणत, त्यांनी विटांच्या जाळीदार हौदाची पद्धत दिली. थोड्या शेणात पुष्कळ खत करणारी म्हणून ती गावोगाव गेली. शंभरेक किलो शेण असले की दीड टनाच्या आसपास काडीकचरा त्यात कुजतो, आणि तीन ते चार महिने लागतात. ह्या पद्धतीत मातीचेही थर देतात. ती माती चाळून, तिच्यातले खडे, काच आणि प्लास्टिक काढूनच घ्यायची असते, हे मुद्दाम लक्षात ठेवा. त्यानंतर गांडूळखत आले.

मला अनेकजण विचारतात, "फादर, कोणती पद्धत चांगली?" माझे उत्तर असे की, सगळ्या चांगल्या आहेत. ज्याच्याकडे माणसे आहेत त्याने इंदूरची घ्यावी, ज्याच्याकडे शेण थोडे त्याने नाडेपची, ज्याच्याकडे सावली आणि पाणी आहे त्याने गांडुळांची. पण ह्यातली कोणतीही पद्धत काच कुजवत नाही. पद्धतीवर आपण तासभर वाद घालतो. आणि दारातल्या पाटीत काय टाकले, ते पाहत नाही.

आजचे इंदूरही हेच सांगते. २०१७ पासून सलग अनेक वर्षे ते देशातले सर्वांत स्वच्छ शहर ठरले. तिथे २०२२ साली ओल्या कचऱ्यापासून वायू आणि खत करणारा, रोजी ५५० टन क्षमतेचा मोठा कारखाना सुरू झाला. लोक कारखान्याचे कौतुक करतात. मला कौतुक वाटते ते त्याच्या आधीच्या कामाचे. घराघरांत ओले आणि सुके वेगळे होते, म्हणून त्या कारखान्याला चारा मिळतो. मिसळलेला कचरा दिला तर तोही हात टेकील.

प्रत्येकाची जात निराळी

खत करणारे कामकरी म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जिवाणू आणि बुरशी. त्यांना आपल्यासारखेच चार गोष्टी लागतात: अन्न, पाणी, हवा आणि ऊब. अन्नात कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण सुरुवातीला साधारण तीस भागांस एक असे असले की काम झपाट्याने होते. भाताच्या पेंढ्यात कर्ब फार, लाकडाच्या भुशात तर त्याहून कितीतरी अधिक. म्हणून नुसता पेंढा वर्षभर तसाच पडून राहतो. उलट भाजीचा ओला कचरा आणि कोंबड्यांची विष्ठा यांत नत्र अधिक. म्हणून त्यांचा नुसता ढीग केला की घाण सुटते आणि माश्या घोंघावतात. सुके आणि ओले एकत्र आणले की दोघांचेही दोष जातात. मापाने सांगायचे तर दोन-तीन टोपल्या सुका पाला आणि एक टोपली ओला कचरा किंवा शेण, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

आता एकेक जिन्नस घेऊ.

सुका पाला, पेंढा, काड्या, तूस, नारळाची सोडणे हे खताचे भांडवल. काड्या आणि सोडणे तोडून बारीक करावीत. हे कधीही जाळू नये.

उसाचे पाचट. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते आणि तोडणी झाली की आपल्या भागात संध्याकाळी आभाळ लाल होते. जाळल्याने नत्र आणि सेंद्रिय द्रव्य धुरात जाते, मातीच्या वरच्या थरातले जीव भाजून निघतात, आणि तोच धूर आपल्या लेकरांच्या छातीत जातो. खोडव्यात पाचट सरीत तसेच ठेवून कुजवता येते. एक टन पाचटाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो कुजवणारे जिवाणू अशी शिफारस आहे. पाचट बुडख्यांवरून बाजूला सारून सरीत दाबावे, म्हणजे फुटवे कोंडत नाहीत.

शेण आणि गोमूत्र. आपण शेण जपतो आणि मूत्र वाहून जाऊ देतो. जनावराच्या मूत्रात नत्र भरपूर असते. गोठ्यात पाला किंवा कोरडी माती अंथरली तर ते वाया जात नाही. उघड्यावर उन्हातान्हात पडलेल्या शेणातले नत्रही उडते आणि पावसात धुपते. म्हणून गायरीवर छप्पर, निदान पाल्याचे आणि मातीचे पांघरूण हवे.

स्वयंपाकघरातला कचरा. साले, देठे, चहाचा चोथा, अंड्याची टरफले, उष्टे अन्न थोडे. मासळीचे आणि मटणाचे उरलेले टाकायचे झाले तर ढिगाच्या मधोमध, खोल, आणि वर भरपूर सुका पाला. नाहीतर रात्री कुत्री सगळे उकरतील.

राख. चिमटीने वापरावी, पाटीने नव्हे. ताज्या शेणावर फार राख पडली की त्यातले नत्र वासाच्या रूपाने उडून जाते.

काँग्रेस गवत. फुलोऱ्यापूर्वी उपटले तर खताला चालते. फुलांवर आलेले टाकलेत तर पुढच्या वर्षी शेतात तेच पेराल.

रोगट झाडे. मर लागलेली टोमॅटो-वांग्याची झाडे घरच्या लहान ढिगात टाकू नयेत. मोठा ढीग ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो आणि त्या उष्णतेत पुष्कळसे रोगजंतू व तणाचे बी मरते. लहान ढीग इतका तापेलच याची खात्री नसते.

शौचखड्डा. दोन खड्ड्यांच्या शौचालयातील भरलेला खड्डा किमान दीड-दोन वर्षे बंद ठेवावा आणि मगच उपसावा. ओला मैला गायरीत मिसळणे म्हणजे जंताची लागण स्वतःच्या हाताने पेरणे.

कधीच नको असलेल्या वस्तू. काच, पत्रा, ब्लेड, सुई, सेल, ट्यूबलाइट, औषधे, प्लास्टिक, थर्माकोल, डायपर, पॅड, रंगाचे डबे, कीटकनाशकांच्या बाटल्या. ह्यांतले काही जखम करते, काही माती नासवते. काच एकदा कापून थांबते. सेलमधले जड धातू मात्र मातीत राहतात आणि पिकावाटे ताटात येतात. हे सगळे जाळू तर नकाच. प्लास्टिकचा धूर म्हणजे विष.

ढीग कसा लावावा

आमच्या खानापूरकडच्या पावसात खड्डा केला तर त्याची विहीर होते. म्हणून पावसाळ्यात उंचवट्यावर जमिनीवरच ढीग लावावा आणि उन्हाळ्यात खड्डा. खाली काड्यांचा थर, त्यावर वीतभर सुका पाला, त्यावर ओला कचरा, त्यावर शेणकाला आणि मूठ-दोन मूठ शेतातली माती. असे थर छातीएवढे आले की थांबावे. मूठभर माल हातात घट्ट दाबून पाहावा. बोटांमधून एखादा थेंब डोकावला तर पाणी बरोबर. धार लागली तर सुका पाला घालावा, मूठ सुटताच माल विस्कटला तर पाणी शिंपडावे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ढिगात लोखंडी सळई खुपसून पाच मिनिटांनी काढावी. ती हाताला चटका देत असेल तर कामकरी कामाला लागले असे समजावे. घाण वास आला तर हवा कमी पडते आहे, उलथावा. खत झाले की ओळखीचा पदार्थ दिसत नाही, ऊब उरत नाही आणि वास मातीचा येतो.

लोक काय म्हणतात

"एवढी उठाठेव कोण करतो, युरियाची एक गोणी आणली की झाले," असे एक शेतकरी मला म्हणाले. त्यांच्याशी मी हिशेब केला. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत साधारण २१ किलो नत्र असते. चांगल्या कंपोस्टमध्ये शेकडा अर्धा ते एक टक्का, म्हणजे टनाला पाच ते दहा किलो, आणि तेही सगळे पहिल्याच वर्षी पिकाला मिळत नाही. एका गोणीची बरोबरी करायला दोन ते चार टन कंपोस्ट लागेल. नत्रापुरते पाहिले तर ते गृहस्थ बरोबर होते आणि मी ते मान्य केले. कंपोस्ट आले की बाकी सगळी खते बंद करा, असे सांगणाऱ्यांतला मी नाही.

पण मग मी त्यांना त्यांच्याच बांधावर नेले. बांधाच्या अलीकडची त्यांची जमीन पावसानंतर चार दिवसांत सिमेंटसारखी घट्ट झाली होती. पलीकडे, दरवर्षी शेणखत घालणाऱ्या म्हाताऱ्याच्या रानात माती बोटाने उकरता येत होती आणि खाली ओल होती. ही ओल गोणीतून येत नाही. सेंद्रिय द्रव्य पाणी धरून ठेवते, मुळांना हवा देते, आणि आपण घातलेला युरियाही पावसाबरोबर ओढ्याला जाऊ देत नाही. गोणी पिकाला जेवण देते हे खरे, पण ते जेवण वाढायला ताट लागते, आणि ते ताट म्हणजे माती.

दुसरे म्हणतात, "कर भरतो, मग कचरा पंचायतीने उचलावा." उचलावा, जरूर उचलावा. परंतु २०१६ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांतही ओला, सुका आणि घातक असा कचरा ज्याच्या घरात होतो त्यानेच वेगळा करून द्यावा, असे घातले होते. आणि नियम बाजूला ठेवला तरी एक साधा विचार करा. घरात निवडायला आपल्याला एक क्षण लागतो. साल इकडे, पिशवी तिकडे. तोच कचरा एकदा मिसळला की तो निवडायला कोणाला तरी उघड्या हाताने त्यात बसावे लागते. ती माणसे कोण असतात, हे आपण सगळे जाणतो. आपण वाचवलेल्या क्षणाची किंमत त्यांचे हात देतात.

म्हणूनच मला हा प्रश्न केवळ शेतीचा वाटत नाही. मिसळलेला कचरा टाकणाऱ्याला आणि त्यात हात घालणाऱ्याला एकमेकांचे तोंड दिसत नाही. माझ्या बाबतीत ते दिसले, कारण ती बाई आमच्याच गावची होती आणि पुडी घेऊन दारापर्यंत आली. शहराच्या ढिगावर ज्यांचे हात कापतात ते कोणाच्या दारी जाणार? शेजाऱ्यावर प्रीती करा, असे आम्ही धर्मगुरू दर रविवारी सांगतो. हा शेजारी पाटीच्या दुसऱ्या टोकाला असतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रात कचरा वेगळा करण्यासारख्या लहान घरगुती कामांना मोल दिले, ते मला आता अधिक समजते.

आरोग्याच्या दृष्टीनेही दोन शब्द. पावसाळ्यात करवंट्या, प्लास्टिकचे पेले आणि टायर यांत साचलेल्या पाण्यावर डेंग्यूचे डास वाढतात. उघड्या ओल्या कचऱ्यावर माश्या, आणि माश्यांपाठोपाठ हगवण. नीट झाकलेल्या आणि तापलेल्या ढिगावर ह्यांतले काही होत नाही. खत हाताळताना पायात वहाण आणि हातात मोजे किंवा निदान खोरे असावे. जखम झाली तर हळद दाबून घरी बसू नये. साबणाने धुऊन आरोग्य केंद्र गाठावे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे.

आपण काय करू

आमच्या आवारात आता तीन बदल केले आहेत. कबरस्थानाच्या फाटकाशी तीन डबे ठेवले आहेत: एक फुलांसाठी, एक मेणासाठी आणि एक काच, तार व प्लास्टिकसाठी. हाराचा दोरा आणि तार कापून मगच फुले ढिगात जातात. जमलेले मेण आमच्या युवकांनी वितळवून पुन्हा मेणबत्त्या केल्या. सणाच्या जेवणाला चांदीच्या कागदाच्या पत्रावळी बंद करून पोफळीच्या विरीच्या ताटल्या आणि स्टीलचे पेले आणले. धुवायला थोडी कुरकुर झाली, पण झाले. नाताळच्या गोठ्याला थर्माकोल लावणार नाही असेही ठरले. तशी १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर आणि प्लास्टिकच्या ताटल्या-पेल्यांवर देशभर बंदीच आहे. गवत आणि बांबू आपल्याकडे काय कमी आहे? शिवाय असा गोठा जानेवारीत सरळ ढिगात जातो.

आणि खत वाटण्यापूर्वी ते वाळूच्या चाळणीने चाळतो. यंदा वाटपाच्या दिवशी ती बाई पुन्हा टोपली घेऊन आली. मला आनंद झाला आणि भीतीही वाटली. ढिगाजवळ उभी राहून ती हसत म्हणाली, "आधी तुमी हात घाला फादर." लोक हसले. मी बाह्या सरसावल्या आणि कोपरापर्यंत हात घातला. हात स्वच्छ बाहेर आला, तेव्हा तिने टोपली पुढे केली.

लूकच्या शुभवर्तमानात फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. मालक ते तोडायला निघतो, आणि माळी आणखी एक वर्ष मागून घेतो. भोवती खणून खत घालीन, म्हणतो. त्या माळ्याला खतावर भरवसा होता, कारण त्यात काय आहे हे त्याला ठाऊक होते. आपल्या खताबद्दल आपण तसे छातीवर हात ठेवून सांगू शकतो का?

तेव्हा माझी प्रत्येक घराला एकच विनंती. उद्या सकाळी पाटीच्या शेजारी दुसरी एक पाटी ठेवा. कुजणारे एकीत, न कुजणारे दुसरीत. खड्डा कसा, हौद किती मोठा, गांडुळे कोठून आणायची, हे सगळे पुढच्या महिन्यात बसून ठरवू. येत्या मृतांच्या स्मरणदिनी कबरस्थानात येताना काचेचा पेला आणलात तर परत घरी न्या. आपल्या प्रियजनांच्या नावाने लावलेल्या दिव्याने कोणा गरिबाचा हात कापला जाऊ नये.